गुणाची सुई

मोरा, रविवार, १५ जानेवारी १९६१

काल लिहिताना चूक झाली. दवाखान्यात पाच सुया आहेत असे लिहिले, सहा आहेत. सहावी खिडकीतल्या पितळी डबीत असते, ती मी पाहिली नव्हती. आबांनी घरी पाटीवर अक्षरे शिकवतानाच बजावले होते की चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून ही दुरुस्ती.

बाकी कालचे सगळे खरे. गाव छान आहे, दवाखान्याच्या ओट्यावरून धक्क्यावरची लाँच दिसते, आणि मला नोकरी लागली आहे! डॉक्टर वामनराव हसरे आहेत. सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळणे, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणे, बायकांना धीर देणे, ही माझी कामे. बायजाबाईंच्या घरी खोली मिळाली. त्यांची सून जमुना माझ्याच वयाची, पोटुशी. तिने कोलंबीचे कालवण वाढले. मी पुरे म्हणेपर्यंत दोनदा वाढून झाले होते.

गुरुवार, १९ जानेवारी

डबीतल्या सुईची हकिगत कळली. येसूबाई मासळी विकते. पावसाळ्यात ती तापाने मरणाला टेकली होती. डॉक्टरांनी टोचले आणि आठवड्याच्या आत ती पाटी घेऊन बाजारात. तेव्हापासून गावाला तीच सुई हवी. तिला सगळे गुणाची सुई म्हणतात. येसूबाई स्वतः अजून महिन्याकाठी टोचून घेते.

आज मी ती इतरांबरोबर उकळायला घेतली तर बाकावरच्या बायका उठून आल्या. येसूबाईने माझे मनगट धरले : बाय गो, उकलू नको, तिचा गुन जातंय! दुसरी म्हणाली, हिला उकडायचीच हौस हाय तर रताळी आनून देऊ. सगळ्या हसल्या, मीही हसले. डॉक्टर म्हणाले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की झाले. मला पटले नाही. पण मी नवीन आहे.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

चार दिवस तापात होते. मी त्या सुईला नको म्हटले होते. बायजाबाईंनी दंड धरून ठेवला, आणि डॉक्टर म्हणाले, मालतीबाई, तुम्हीच घेतली नाहीत तर लोक काय समजतील? ताप आपणहून उतरत होताच. श्रेय सुईला गेले. आज बाकावर जागा नव्हती.

सोमवार, २० मार्च

येसूबाईने पाटी दवाखान्याबाहेरच उतरवली. म्हणाली, मना मावऱ्याचा वास सोसवं ना. जन्म मासळीत गेलेली बाई! लाँचवरचा खलाशी तुळशीराम म्हणाला, आता गळ्यात माळ घाल नि वांगी विक. ती हसली तेव्हा मला तिचे डोळे दिसले. पांढऱ्या जागी पिवळे. डॉक्टर म्हणाले कावीळ आहे, गावात असतेच. टोचली. तीच सुई. मग बोळा फिरवून पुढच्या बाईला.

रविवार, ९ एप्रिल

येसूबाई गेली. शेवटी तिला वास इतका नकोसा झाला की घरच्यांनी वाळत घातलेले बोंबील शेजाऱ्यांच्या अंगणात नेले. अंग खाजवून रक्त काढले होते. तिच्या घरून परतताना तुळशीराम हळूच म्हणाला की त्यालाही मावरं बघवत नाही. तो दिवाळीपासून तीच सुई घेतो आहे. या वेळी कुणी हसले नाही.

मंगळवार, १८ एप्रिल

डॉक्टरांना सांगितले, कावीळ त्या सुईतूनच पसरते आहे. त्यांनी दार लोटून घेतले. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. सुई उकळली तर ही माणसे भगताकडे जातील; इथे थोडी मरतात, तिथे जास्त मरतील. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाले, पुढचा पेशंट पाठवा.

शनिवार, २२ एप्रिल

सकाळी डबीतली सुई खाडीत फेकली. तिच्या जागी उकळलेली ठेवली. कुणाला फरक कळला नाही. किती बरे वाटले! दुपारपर्यंत तीच सगळ्यांना, नुसती पुसून. तुळशीरामला टोचली, त्याचे डोळे हळदीसारखे. त्याच्यानंतर शेजारच्या गोजराचे बाळ. बाळाचे पाय मी धरले होते.

सुई कुठली याला अर्थ नाही. डबीत जी ठेवावी ती —

रविवार, ३० एप्रिल

तुळशीराम गेला. लोक म्हणतात, त्याने सुई कमी घेतली. गर्दी वाढली आहे.

बुधवार, ३ मे

जमुनाने बांगडे तळले. मला बाहेर पळावे लागले. बायजाबाई हसल्या, आमची नर्सबाय भटीन झाली! जमुना हसली नाही. माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.

शुक्रवार, ५ मे

आरशात पाहिले. पिवळे. रात्रंदिवस खाज.

रविवार, ७ मे

बायजाबाईंनी ठरवले आहे : जमुनाला सातवा लागला, ताकदीसाठी गुणाची सुई. बुधवारी. जमुना म्हणते, बाय, तुमी टोचनार ना, मग मी भीत नाय. मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, सासूला नाय कसं म्हनू?

सोमवार, ८ मे

शेवटी बायजाबाईंनाच सांगितले. पापणी ओढून डोळा दाखवला. ही त्या सुईची कावीळ, म्हटले. त्या घाबरल्या, मायेने जवळ घेतले. म्हणाल्या, बाय गो, मग आदी तुला टोचू. नंतर जमुनाला —

माझ्यानंतर. त्याच सुईने.

जमुनाने मात्र माझे ऐकले आहे, गाठोडे बांधते म्हणाली. मुंबईला मोठे इस्पितळ आहे, तिथे सुया —

बायजाबाईंनी डॉक्टरांना घरीच बोलावले, ओटीवर त्यांचा आवाज. बायजाबाई म्हणत आहेत, बुधवारपर्यंत कशाला, दोघींना आत्ताच. डबीचे झाकण वाजले. जमुनाला हाक मारत आहेत. ती उठली —

नाही. तिला टोचू देणार नाही, मी ठरवले आहे. उद्या, मंगळवार, ९ मे १९६१, सकाळच्या पहिल्या लाँचने मी जमुनाला घेऊन मुंबईला —