न विकलेला तोटा

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला शेक घेतेस की नुसतं लिहून कळवतेस? फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून पत्रच बरं. आम्ही सगळे ठीक. दुकानात वाचायच्या चष्म्यांना गिऱ्हाईक आहे. आमच्या ठकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष पुढच्या महिन्यात सुरू होईल.

एक विचारायचं होतं. कर कार्यालयाचं पाकीट आलंय. आकडा बघून मी आधी माझा चष्मा पुसला, मग दुसरा लावून बघितला. दुकानाची सात महिन्यांची कमाई होईल एवढा कर! गेल्या वर्षी मी थोडंफार शेअरमध्ये गुंतवलं होतं, ते पार बुडाल्यात जमा आहे. ज्याचं गेलं त्याच्याकडूनच कर मागतात? काहीतरी चूक झाली असणार. तू एकतीस वर्षं त्या कार्यालयात काढलीस. तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा ते कळव. पाकिटातल्या कागदांची प्रत सोबत आहे.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी उगाच काळजी नको.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
धाकटा

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कागद वाचले. चूक त्यांची नाही. पहिल्या पानावरचा आकडा बघून धावत येणारी माणसं मी खिडकीतून रोज बघायची. कारण दुसऱ्या पानावर असतं, शेअरविक्रीतला नफा. तू कराच्या अर्जात फक्त दुकानाची कमाई लिहिलीस, पण विक्रीची नोंद दलालाकडून थेट कार्यालयात जाते.

म्हणजे तू काहीतरी विकलंस, आणि ते फार स्वस्तात घेतलेलं होतं. आपल्या घरात असं एकच होतं. आई गिरणीत सव्वीस वर्षं दोऱ्याची रिळं भरत होती, तेव्हा तिला नाममात्र भावात मिळालेले शेअर. ती गेल्यावर माझा निम्मा वाटा मी ठकीच्या शिक्षणासाठी सोडला. ते उगाळायला लिहीत नाही. फक्त विचारते, ते विकलेस का? आणि आलेले पैसे कुठे गेले?

सरळ लिही. लहानपणी खोटं बोलायचं असलं की तुझं अक्षर सुंदर यायचं. या वेळचं फारच सुंदर आहे.

तुझी,
ताई

२४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विकले. गेल्या ऑक्टोबरात, सगळे. तुझ्या वाट्याचेही.

एक गिऱ्हाईक दुहेरी काचांचा चष्मा करायला यायचं. बॅटऱ्या बनवणाऱ्या नव्या कंपनीबद्दल सांगायचं. त्याला दोष देत नाही, त्याने माझा हात धरला नव्हता. मी आईचे शेअर विकून सगळं तिथे घातलं. दोन महिने भाव चढला. मी रोज दुकान उघडायच्या आधी बघायचो आणि मनातल्या मनात हिची लाँड्रीतली नोकरी सोडवायचो. हॉटेलांच्या चादरी दाबून दाबून तिची मनगटं सुजतात, रात्री पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलते. मग भाव पडायला लागला, तो पाचाचा एक झाल्यावर थांबला. अजून तिथेच आहे.

ते शेअर मी विकले नाहीत. विकले असते तर गेले म्हणावं लागलं असतं.

हिला यातलं काही ठाऊक नाही. काचा घासायचं मशीन विकून कर भरावा असं ठरवतोय. कुणी विचारलं तर सांगेन, नवीन घ्यायचंय. ताई, तू हिला लिहू नकोस, एवढं माझं ऐक.

रागावलीस तरी टाकू नकोस.

धाकटा

३० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. राग आला, खोटं कशाला सांगू? पैशांपेक्षा आईसाठी आला. ती उभ्याने जेवायची त्या गिरणीत.

आता कामाचं. मशीन विकायचं नाही. मशीन गेलं तर काचा बाहेरून करून आणशील आणि वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागेल. मुदत संपायच्या आत कार्यालयात जा आणि हप्ते मागून घे. देतात. मी स्वतः शेकडो अर्ज मंजुरीला पाठवलेत. जे तोंड लपवतात त्यांना दंड आणि व्याज लागतं. आणि ते बॅटरीचे शेअर काढून टाक. या बिलातून त्याने काही कमी होणार नाही, ते वर्ष सरलं. पण तोटा कागदावर येईल आणि पुढे कधी नफा झालाच तर त्यातून वजा होईल.

मी तिला लिहिणार नाही. तू सांगायचं. रविवारपर्यंत. खिडकीत मी अशा बायकाही पाहिल्यात, ज्यांना नवऱ्याच्या मागे ते पाकीट सापडलं. त्या कागद पुढे करायच्या आणि मला विचारायच्या, हे काय आहे? तशी वेळ तिच्यावर आणू नकोस.

ताई

८ सप्टेंबर

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

यांनी रविवारी सांगितलं. मी भाजी चिरत होते. सुरी बाजूला ठेव म्हणाले.

पैशांचं मला रडू आलं नाही. येईल कदाचित नंतर. मी एवढंच विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? म्हणाले, ताईला. कधीपासून? तर महिना होत आला. वन्सं, महिनाभर मी त्यांना डबा भरून दिला, रोज विचारलं आज दुकान कसं झालं, आणि त्या दुकानात तुमची पत्रं येत होती. मला हे लागलं. तुम्ही मोठ्या आहात, तरी लिहिते.

माझ्या मनगटांसाठी केलं म्हणाले. मी मागितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, दुखतं, पण जमतं.

त्यांनी कराचं समजावून सांगितलं, पण त्यांचं त्यांनाच नीट सांगता येईना. मला तुम्ही लिहा. घरच्या पत्त्यावर. हिशेबात मी कच्ची नाही.

तुमची,
भावजय

१४ सप्टेंबर

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

तू बोललीस ते बरोबर. त्याला पहिल्याच पत्रात, आधी बायकोला सांग, असं मी लिहायला हवं होतं. भाऊ म्हणून झाकायला गेले. माझं चुकलं.

आता ऐक. समज, आईने एक वस्तू दहाला घेतली होती. याने ती शंभराला विकली. त्या क्षणी नव्वद नफा झाला आणि त्यावर कर ठरला. पुढे ते शंभर त्याने काय केले, याच्याशी कार्यालयाला देणंघेणं नाही. त्याने त्यातून दुसरी वस्तू घेतली, तिची किंमत वीसवर आली. ऐंशी गेले, हे तुला मला दिसतं. पण ती वस्तू अजून त्याच्याच हातात आहे, म्हणून कागदावर काहीच गेलेलं नाही. त्याच वर्षात विकली असती तर नव्वदातून ऐंशी वजा होऊन कर फक्त दहावर बसला असता. तो आशेवर थांबला आणि वर्ष संपलं. एवढीच गोष्ट आहे, पण फार महाग पडली.

चूक लबाडीची नाही. पण लपवली ती त्याने, आणि मी हातभार लावला. दोघांनाही काय बोलायचं ते बोल.

ताई

३ ऑक्टोबर

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. समजलं. मग यांना समोर बसवून मीच समजावलं.

कर कार्यालयात आम्ही दोघं गेलो. अठरा हप्ते मिळाले. मशीन दुकानातच आहे. ठकीला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. या वर्षी फी जमणार नाही. तिने इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एकाकडे नोकरी धरली आहे, कॉलेज पुढच्या वर्षी. आठ दिवस झाले, बापाशी बोलत नाही. परवा त्यांच्या ताटात पोळी वाढली, एवढंच. मी मध्ये पडत नाही.

काल दलालाकडे शेअर काढायला गेलो. टेबलामागच्या मुलीने विचारलं, सगळे विकायचे ना? हे टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मला हो म्हणता आलं असतं, पण ते त्यांनीच म्हणायला हवं होतं, म्हणून मी गप्प उभी राहिले. मागे रांग होती. शेवटी म्हणाले, सगळे.

बाहेर आल्यावर ते पायऱ्यांवरच बसले आणि रडले. आईंचं नाव घेऊन रडले. लोक वळसा घालून जात होते. मी शेजारी बसले. माझी पाळी दोनची होती. काल मी लाँड्रीत पहिल्यांदाच उशिरा गेले.

तुमची माया दोघांवर सारखी असू द्या.

तुमची,
भावजय