शेष्याचं मानपत्र

३ जानेवारी, सातारा
सकाळीच आप्पांचा फोन. निवृत्त सुभेदार, आता फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी. फोनवरही परेडच्या आवाजात बोलतात. "शास्त्रीबुवा, आपला शेष्या रिटायर होतोय. एकोणीस वर्सं गोलकीपर! अठरा तारखेला आपल्या मैदानावर सत्कार, मंग शेवटची मॅच. मानपत्र तुमी लिवा. तुमचं ते जड जड येऊ द्या." होकार दिला. जड लिहिणं हा माझा एकमेव हलका उद्योग.

शेष्या म्हणजे संपत शेलार, मेढ्याचा. हे नाव पडलं माझ्यामुळेच. वाईच्या पाठशाळेत शिकलेलं संस्कृत कुठेतरी खपवायला हवं होतं. त्याच्या पहिल्याच मोठ्या सामन्याच्या बातमीत लिहिलं, 'चेंडू जाळ्यात जात असता गोलरक्षक शेलार शेषशायी अवस्थेत योगनिद्रेचा आनंद घेत होते.' लोकांनी शेषशायीचा शेष्या केला. बातमीवर माझं नाव नव्हतं, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. तरी आठवडाभर छाती काढून हिंडलो होतो.

६ जाने., सांगली
मानपत्राच्या (पुढे मा.प.) माहितीसाठी संपतला भेटलो. सराव संपवून आला. गुडघ्याला पट्टा, दोन बोटं कायमची वाकडी. कारखान्यात वेल्डर, संध्याकाळी मैदान. चहाच्या गाड्यावर बसलो.

क्लब: सातारा, कोयनानगरची कॉलनी, कऱ्हाड, मिरज, कोल्हापुरात एक हंगाम (पूर्ण बाकावर), मग सांगली. कोयनेत एकदा सामना चालू असताना भूकंपाचा धक्का बसला. पंचासकट सगळे खाली बसले. "तर पब्लिक वरडतंय, बगा, आज शेष्या येकटा हुबा हाय!" स्वतःच हसला. मीही.

गोल किती खाल्ले?
"म्या मोजलं न्हाईत, सर. मोजणारी मानसं लाइनीच्या भाईर आसत्यात."

मग म्हणाला: "मानपत्रात खरं नाव घाला तेवढं. हितल्या सर्टिफिकेटावर शेषराव शेलार छापलंय. पोरगी इचारती, पप्पा, ह्यो शेषराव कोन?"

इथे थांबायला हवं होतं. पण थट्टेची खोड. विचारलं, पहिल्या सामन्यात डुलकी लागली होती का खरंच?

"डुलकी? आवं, त्यांच्या फॉरवर्डचा गुडघा बसला हितं." कानशिलावर व्रण आहे, बोटभर. "बॉल कवा गेला ठावं न्हाई. दवाखान्यात डोळं उघाडलं."

आणि वडील. तोफखान्यात होते. त्यांनी पेपर वाचला. "आबांना टाके दावलं. तर म्हनले, झोपंत खांबावर आपटला आसशील. पेपरवाला काय तुजा दुश्मन हाय? ड्युटीवर झोपला म्हंजी झोपला. तवापासनं माज्या येका बी मॅचला आले न्हाईत."

चहा निवला होता. तो म्हणाला, "कुनी लिवलं आसंल वो? तुमच्यातलाच कुनीतरी. तुमाला घावंल."

मी म्हणालो, "बघतो शोधून."

८ जाने.
कात्रण सापडलं. शोधायला काय, माझ्याच फायलीत पहिल्या पानावर चिकटवलेलं. 'योगनिद्रे'खाली लाल पेन्सिलीची रेघ. तीही मीच मारलेली.

आता इथे तरी लिहितो. शेवटची दहा मिनिटं मी मैदानावर नव्हतो. तेव्हा बातमीचं पाकीट पाचच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यावं लागे. बरोबरी दिसतेय म्हणून निघालो. स्टँडवर मागून एक प्रेक्षक आला. "एक-शून्य. कीपर आडवा पडलावता." एवढंच म्हणाला. आडवा का, हे मी विचारलं नाही. गाडी लागली होती, आणि शब्द सुचला होता.

शब्द सुचला की माझं असंच.

१२ जाने.
मा.प.चा खर्डा तिसऱ्यांदा फाडला. 'गोलदुर्गरक्षक', 'अविचल'. हात आपोआप चालतो याचीच किळस आली.

सौ.ला सांगितलं. भाजी निवडत होती. "त्याला सांगितलंत?" नाही. "आणि मला सांगून काय उपयोग?" मेथीची जुडी माझ्यापुढे ढकलली. निवडली.

सांगलीला फोन लावला. संपतने उचलला. "बोला सर." गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

१५ जाने.
खर्डा आप्पांना दाखवला. त्यात एक वाक्य घातलं होतं: 'त्या सामन्यात ते जखमी होऊन बेशुद्ध पडले होते, तत्संबंधी चुकीची बातमी दिली गेली.' 'दिली गेली.' कोणाकडून, ते नाही. भ्याडाला कर्मणी प्रयोग बरा पडतो.

आप्पा: "मानपत्र हाय का पंचनामा? काढा ते. आन वरती शेषशायी पायजे. पब्लिकला तेच म्हाईत." वर बातमी दिली: मेढ्याला गाडी पाठवून संपतच्या वडिलांना आणणार. "म्हातारा न्हाई म्हनत हुता. म्हनलं, सुभेदाराचा हुकूम हाय!"

वाक्य काढलं. मीच, माझ्याच पेनने.

१८ जाने., संध्याकाळ
सत्कार आधी. आप्पांनी मा.प. वाचलं. 'श्री. संपत शेलार ऊर्फ शेषशायी'. तिथे थांबून टाळ्या घेतल्या. पोरं ओरडली, "शेष्या, ऊठ रं!" संपतने मान खाली घालून शाल घेतली. पुढच्या रांगेत आबा, डोक्याला फेटा, पाठ ताठ. टाळी नाही.

संपतच्या मागोमाग मंडपात गेलो. तो बोटांना पट्टी बांधत होता. सांगितलं. मीच लिहिलं. मी तिथे नव्हतो. सांगलीत तुझ्याशी खोटं बोललो. तिन्ही एका दमात. एकही विशेषण नव्हतं.

डाव्या हाताने उजव्याची पट्टी जमेना. मी हात पुढे केला. त्याने दातांनी ओढून बांधली.

"आबांस्नी सांगितलासा?"
"नाही."
"पुढच्या खुर्चीत हायत."

हातमोजे घातले आणि मैदानात गेला. त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही.

सामना सुरू झाला. आबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. वाकून कानात सांगितलं, सगळं. म्हातारा समोर बघत राहिला. मग वळून म्हणाला, "ह्यो कान तोफंनं गेलाय. हिकडनं बोला."

दुसऱ्या बाजूला गेलो. हळू बोललो. "मोठ्यानं!"

मोठ्याने बोललो. "त्या दिवशी संपत झोपला नव्हता! डोक्याला लागून बेशुद्ध होता! पेपरात मी खोटं लिहिलं! मी बघितलंच नव्हतं!" पलीकडे आप्पा वळले. मागच्या रांगेतले पुढे वाकले. कोणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो शास्त्री?"

आबा माझ्याकडे बघत होते.
"तुमी न्हवता थितं?"
"नाही."
"आन मी बी न्हवतो."

मी पुढे काही बोलणार, बहुधा क्षमेबद्दल. त्यांनी हात आडवा केला.

"आता गप बसा. बगू द्या."

गप्प बसलो. विरुद्ध संघाला कॉर्नर मिळाला होता. संपत हात वर करून ओरडत आपली माणसं जागेवर लावत होता, आणि म्हातारा खुर्चीच्या पार कडेला येऊन बसला होता.