डेस्कटॉपवरच्या दोन पुसट फायली

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार

अखिल विश्वाने नोंद घ्यावी — माझ्या डेस्कटॉपवर अतिक्रमण झालं आहे! कळंब्याच्या तळ्याचा एवढा सुंदर फोटो लावलेला, त्यावर दोन फायली येऊन बसल्यात. दोघींचं नाव एकच — डेस्कटॉप डॉट आयएनआय. अर्धवट विरलेल्या, आरपार पाणी दिसतं. काल कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मल्लेश व्हायरस काढून गेला, तेव्हापासून. पुसल्या. परत आल्या!

शिवलीलेला दाखवल्या. "अहो, खायला मागतायत का त्या? तुम्ही आधी आक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. परवा उंबऱ्याला अडखळल्या. माझं ऐकत नाहीत."

आक्का — माझी आई — कॉटवरून ओरडली, "मला काय झालंय? सगळं दिसतंय!"

मग तिलाच बोलावलं. ह्या दोन दिसतात का गं? — "व्हय की! भुतावानी हायती. घालव त्यास्नी!"

घरात एक तरी समजूतदार माणूस! बायकोला ऐकवलं — पुसटातलं पुसट दिसतंय तिला, कसला डॉक्टर?

५ नोव्हेंबर, गुरुवार

रविवारचा लेख द्यायचाय. एक ओळ नाही. दुपारभर त्या दोघींकडे बघत बसलो. पंखा, पडद्यातलं पिवळं ऊन... वाटलं, तळ्यापलीकडे धुक्यात दोन बायका उभ्या आहेत. हाक मारावी, तर नाव एकच — कुणी वळायचं?

डोळा लागला. जागा झालो तो आक्काच्या हातानं. कपाळ, नाक, चष्मा — सावकाश चाचपत होती. "च्या झालाय रं." किती वर्षांनी असा हात फिरवला तिनं!

६ नोव्हेंबर

आज पुसल्या नाहीत. नुसत्या बघितल्या.

७ नोव्हेंबर, शनिवार

मल्लेशला फोन. "सर, ती सिस्टिमची हायती, पुसू नका! लपवलेल्या फायली दाखवायची सेटिंगमधली टिक काढायची ऱ्हायली माझ्याकडनं. तेवढी काढा."

काढली. गेल्या! तळं स्वच्छ. विजयी स्वरात आक्काला हाक मारली — बघ आता!

तिनं स्क्रीनला नाक लावलं. "हायती की अजून, मेल्या. दोगीबी."

मी हसलो. मग हसू थांबलं.

"कुठल्या कोपऱ्यात गं?"

"तू म्हणतोस त्याच की."

शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढं येऊन तिनं आक्काला हाताला धरून कॉटवर नेलं. मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर, सोमवार

आक्काला सांगितलं, माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येते, शाहूपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचंय, एकट्याला भीती वाटते. लगेच लुगडं बदलून आली. रिक्षात हात घट्ट धरलेला. "घाबरू नगंस. मी हाय न्हवं?"

माझ्या बाजूनं ती एक खोटं बोलली होती. मीही एक बोललो.

दवाखान्याच्या खिडकीवर हळूच दोन नावं दिली. तिचं आधी.