उर्वशीचा बिल्ला

६ मे
पोहोचले! पांढरकवड्याला एसटीतून उतरून जीपने टेकडीवर. भोवती सागाचं जंगल, खाली हायवेवरचे ट्रक काड्यापेटीएवढे. युद्ध लांबलं, हवाई दलाने स्वयंसेवक मागवले. दिग्रसमधून मी एकटीच आले, रडार मेकॅनिक म्हणून! रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाबांनी मला हे काम शाळेआधी घरीच शिकवलं. जे केलं ते वेळेसकट लागलीच लिहायचं, ही शिस्त त्यांचीच. म्हणून ही वही कायम खिशात.

७ मे
इथला नियम: मनोऱ्यावर चढताना अँटेना बंद करायची, तिची किल्ली जवळ ठेवायची (दुसरी खालच्या खोलीत असते), खाली खिळ्याला आपल्या नावाचा लाल बिल्ला अडकवायचा. बिल्ला आहे तोवर वर माणूस आहे. ज्याचा त्यानेच काढायचा.

पण प्रमुख शंकरसिंग रोज दुपारी एक ते दीड ‘उर्वशी’ नावाचा बिल्ला अडकवून अँटेना थांबवतात. वर कुणीच नसतं. विचारलं तर म्हणाले, “कायले पाहिजे तुले? भाकरी थाप, लढाई आमच्यावर सोड.” सगळे हसले. स्वयंपाक करणाऱ्या मोतीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

९ मे
युद्धात रोज अर्धा तास रडार आंधळं! मन खात होतं. आज सव्वाला तो बिल्ला मी काढून बिल्ल्यांच्या डब्यात टाकला, दुसऱ्या किल्लीने अँटेना सुरू केली. वर काहीतरी आपटलं. पक्षी असावा.

१० मे
पक्षी नव्हता. मोतीबाईंनी सांगितलं. उर्वशी माझ्याआधीची मेकॅनिक. ती वर असताना हल्ल्याचा भोंगा वाजला. शंकरसिंगांनी घाईत तिचा बिल्ला काढला, दुसऱ्या किल्लीने अँटेना फिरवली. ती वरच चिरडून मेली. तेव्हापासून तिला उतरायला रोज अर्धा तास देतात. “येकयेक पायरी उतरून राह्यली होती, बाई. तुनंबी तेच केलं.”

मी नियम पाळायला गेले, आणि नियमच मोडला.

११ मे
उर्वशीचा बिल्ला डब्यात नाही. अँटेना अडकली. जेवताना कुणी शेजारी बसलं नाही. शंकरसिंग म्हणाले, तुनंच बिघडवलं, तूच जाय वर.

१२ मे, ११.४०
वर आले. खाली माझा बिल्ला अडकवला. दुसरी किल्लीही मागून घेतली. दोन्ही खिशात — तीनदा चाचपल्या.

११.५२
अँटेना फिरवणाऱ्या चाकाच्या दात्यांत हातमोजा अडकला होता. ओढून काढला. रिकामा नाही —

११.५५
खाली खिळ्यापाशी वर्दीतली बाई. बाकीचे लांब, झाडाखाली. तिच्याकडे कुणीच बघत नाही. ती उतरली — शेवटी उतरली —

मी सगळ्यांना हाका मारतेय. तिच्या हातात लाल — माझा —

किल्ल्या दोन्ही माझ्याकडे आहेत. तरी लोखंड हल