ग्रहणाची सूचना आणि मुख्याध्यापकांचं कपाट

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. मामींना तुमच्याहून थोडा जास्त (त्या तुम्हांला सांभाळतात म्हणून). प्रकृती कशी आहे? दोघांचेही फोन दोन दिवस लागत नाहीत, म्हणून पत्र.

बुधवारी माझ्या हातून अनर्थ व्हायचा राहिला. मोबाइलवर मी जो आकाशाचा गट चालवते, त्यात आमच्या शाळेची मुलं आणि गावभरचे हौशी धरून अकराशे जण आहेत. ग्रहताऱ्यांच्या बातम्या, नकाशे, फुकट मिळणारी पुस्तकं, सगळं मी तिथे टाकत असते. बुधवारी सव्वाअकराला सूर्यग्रहण लागणार होतं. सकाळी घाई होती, म्हणून मागच्या महिन्यातली धूमकेतूची सूचना उचलली, 'धूमकेतू' काढून 'सूर्यग्रहण' घातलं, तारीख-वेळ बदलली आणि दिली धाडून. (आळसाला मी वेळेची बचत म्हणते, हे तुम्हांला ठाऊक आहेच.)

साडेदहाला मी परीक्षेच्या वर्गावर होते. पेपर देता देता एका मुलीनं विचारलं, "बाई, एकटक म्हणजे किती मिनिटं?"

"कशाकडे?"

"सूर्याकडे. तुम्हीच लिहिलंय ना, साधन काही नको, नुसत्या डोळ्यांनी एकटक बघा, जितका वेळ बघाल तितकं जास्त दिसेल."

मामा, धूमकेतूसाठी लिहिलेलं ते वाक्य मी तसंच राहू दिलं होतं. वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवून मी धावले. शिपायाकडून घंटा देववली, कर्ण्यावरून ओरडून सांगितलं, की कुणीही वर बघायचं नाही. शाळेचं निभावलं, पण बाहेरच्यांचं काय? परीक्षेच्या दिवशी आमचे फोन मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली घेऊन मुख्याध्यापक गावाच्या दुसऱ्या टोकाला बैठकीत बसलेले. कारकुनांच्या संगणकावरून गट उघडायला गेले, तर त्यानं ओळख पटवायला माझ्याच फोनवर आकडा पाठवला. तो कपाटात टुणकन वाजला. आम्ही दोघं कपाटाकडे बघत राहिलो.

अकराला पाच कमी होते. शेवटी सुतारकामाचे सर पहार घेऊन आले, पण लेखी परवानगीशिवाय हात लावीनात. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर लिहून सही ठोकली, तेव्हा कुठे कुलूप तुटलं. अकरा वाजून आठ मिनिटांनी दुरुस्ती गेली.

मग पाहिलं, तर अकराशेपैकी सकाळची सूचना उघडली होती फक्त नऊ जणांनी. चार वर्षांची माझी विज्ञानसेवा, आणि वाचक नऊ. मी तिथेच खुर्चीत बसून हसले की रडले, ते कारकुनांनाही नीट सांगता येत नाही. कपाटाबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवलाय, तो मी आनंदानं लिहीन.

तुमची भाची

ता. क. ज्यांनी वाचलं त्यांची नावं गटात दिसतात. त्यांतल्या आठ जणांशी मी स्वतः बोलले, आठही ठणठणीत आहेत. नववं नाव तुमचं आहे. खाली तुम्ही 'अवश्य बघतो' असंही लिहिलंत. दुरुस्ती मात्र तुम्ही अजून उघडलेली नाही.

आणखी एक. हे पत्र मामी वाचून दाखवत असतील, तर मामी, वाचणं इथेच थांबवा आणि त्यांना आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.