एका वर्षाची माफी

अप्पा, आज सकाळी शेजारची सून माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला आली होती. ती होमगार्डमध्ये आहे. तीन वर्षांची मुदत, त्यातलं दीडच वर्ष झालंय, आणि कडेवर तान्हं मूल. सासूनं सांगितलंय, सोडून दे. मी कागद पुढ्यात घेतला आणि विचारलं, "तुला सोडायचंय, की थोडे महिने सुट्टी हवीय?" ती दाराकडं बघून हळूच म्हणाली, "सुट्टीच मागा, मॅडम. सोडायचं न्हाय मला. पण आत्याबाईंना सांगू नका." मी अर्ज मराठीत लिहिला, तिला तीनदा वाचून दाखवला आणि मग तिच्या हातात देऊन तिलाच वाचायला लावला. ती हसली. "रिटायर झालात तरी धडा वाचून घेताय व्हय?" ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. चहा निवून गेला.

नळदुर्गला हायवेच्या कडेला तुमचं गॅरेज होतं. वर्षातले दहा महिने तुम्ही मिस्त्री आणि दोन महिने फौजी. प्रादेशिक सेनेत तसंच असतं. एरवी आपला धंदा सांभाळायचा आणि कॅम्पचं बोलावणं आलं की वर्दी चढवायची. सात वर्षांची कबुली दिली होती तुम्ही, त्यातली पाच झाली होती. कॅम्पहून आलात की आठ दिवस पांघरुणाची घडी अशी कडक घालायचात की आई म्हणायची, "ह्या घडीवर निजायचं का हिला सलाम करायचा?" ट्रकखालून बाहेर येणारे तुम्ही आणि कॅम्पहून येणारे तुम्ही, दोघांची चालसुद्धा वेगळी होती. ते मला दिसत होतं. पण मी सोलापूरच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये होते, आणि मला फक्त रविवार मोजता येत होते.

महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. तुम्ही पहिल्या गाडीनं यायचात, नखांत ग्रीस, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कॅम्पच्या दोन महिन्यांत मात्र कुणी यायचं नाही. आई एकटीनं प्रवास करत नसे. मी तरीही आवरून बाकावर बसायची. एका सिस्टरच्या ते लक्षात आलं. त्या दिवशी त्यांनी मला चॅपलमधल्या फुलदाण्या घासायला दिल्या, हातांना काही काम असावं म्हणून.

मग नववीची दिवाळीची सुट्टी. आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, नेमकं कॅम्पच्या दिवसांत. आई स्वयंपाकघरात करंज्या तळते आहे, तुम्ही पाटावर बसून सांगता आहात. "लिव्ह पोरी, यंदा एका वर्षाची माफी द्यावी. बायकोचं ऑपरेशन हाय. पुढच्या वर्षी हजर होतो आणि राहिलेली मुदत पुरी करतो." घरात इंग्रजी फक्त मला येतं. मी लिहिते आहे, पण माफी मागत नाही. मी लिहिते की घरच्या अडचणीमुळं मला यापुढं सेवा करता येणार नाही, तरी माझं नाव कमी करावं. चारच ओळी, सिस्टरनी गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात. "वाच बरं," तुम्ही म्हणता. मी इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत तुमचेच शब्द तुम्हाला मराठीत ऐकवते. तुम्ही हात पुसून सही करता आणि आईला म्हणता, "बघ, पोरीला शिकवल्याचं चीज झालं."

उन्हाळ्यात पत्र आलं, नाव कमी केलंय, सामान जमा करायला या. तुम्हाला वाटलं, एक वर्ष माफी मागितली म्हणून काढून टाकलं. "एवढ्यावरून?" असं दोनदा म्हणालात. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही जमा करायच्या बुटांना पॉलिश करत बसलात. मी पॉलिशची डबी धरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी परत आलात. पाणी प्यायलात, उंबऱ्यावर बसलात. "तिथल्या कारकुनानं अर्ज वाचून दाखवला," म्हणालात, "हिंदीत." मी भिंतीला टेकून उभी. आईनं विचारलं, "मग? काय म्हणाला?"

तुम्ही माझ्याकडं न बघता सांगितलंत, "अक्षर लई चांगलंय म्हणाला."

तिथल्या तिथं तुम्ही म्हणू शकला असतात की साहेब, हे माझं मागणं न्हाय. पण मग कुणी लिहिलं, हा प्रश्न आला असता. हे मला फार उशिरा कळलं, मी स्वतः आई झाल्यावर. पुढच्या हिवाळ्यात गॅरेजवर येणारे ड्रायव्हर विचारायचे, "फौजी, औंदा गेला न्हाईत व्हय?" तुम्ही पाना फिरवत म्हणायचात, "न्हाय बा. घरीच ड्यूटी लागली."

मला हवे होते ते सगळे रविवार मला मिळाले. तुम्ही बाकावर बसायचात, भाकरी मोडून द्यायचात. पण पूर्वी कॅम्पमधल्या गोष्टी सांगताना परतीची गाडी चुकायची तुमची. आता तुम्ही वेळेच्या आधीच उठायचात.

त्यानंतरही तुमचा प्रत्येक अर्ज मीच लिहिला, वीज मीटरचा, बँकेचा, आईच्या मृत्यूच्या दाखल्याचा. "वाच बरं" असं तुम्ही पुन्हा कधी म्हणाला नाहीत. विश्वासानं, की मला आठवण राहावी म्हणून, हे मी विचारलं नाही. शेवटी उमरग्याच्या दवाखान्यातसुद्धा फॉर्म माझ्याकडं सरकवलात आणि सही कुठं करायची, एवढंच विचारलंत.

अप्पा, हे मी मराठीत लिहिलंय. माझी बोर्डिंगची पत्रं तुम्ही गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचायचात, गिऱ्हाइकाला थांबवून. हेही तुम्हाला कुणाच्या मदतीशिवाय वाचता आलं असतं. म्हणूनच तुम्ही होता तोवर लिहिलं नाही.