उघडा राहिलेला कंस

३ डिसेंबर
आधी तक्रार. नानाखेड्याच्या बसस्टँडवर मला घ्यायला कुणी आलं नाही. ऑटोवाल्यानं फालतू गल्ल्या फिरवल्या, तेव्हा कुठे नातीचं घर आलं. घर मात्र झकास. ऊन येतं, नळाला पाणी आहे. निहारिकानं मटार घालून पोहे दिले, मग कोरी वही दिली. म्हणाली, आज्जी, यात लिही, नाहीतर माझं डोकं खाशील. तिसरी पास बाईला रोजनिशी! लिहिते.

४ डिसेंबर
पोरगी घरी बसून गणिताची पुस्तकं कंप्यूटरवर चढवते. जिकडे तिकडे कंस. गोल, चौकोनी, महिरपी. ज्याला कृष्णानं मारलं त्याला ही पोटासाठी पाळते. नियम एकच, उघडलेला कंस मिटलाच पाहिजे. लुकलुकणारी काडी उघडत्या कंसावर ठेवून एक बटण दाबलं की मधलं सगळं ओलांडून ती थेट त्याच्या जोडीदारावर उडी मारते. मला लगेच जमलं. गणित कळत नाही, जोड्या कळतात. गोतावळ्यातली लग्नं जुळवलीत मी.

६ डिसेंबर
हे पुस्तक आधी सुमीत नावाचा मुलगा करायचा. अर्ध्यात राहिलं. त्यात एक कंस उघडाच. बटण दाबलं तर काडी खाली, आणखी खाली, शेवटच्या पानापुढच्या कोऱ्यात गेली. तेवढ्यात दारातून पुरुषाचा आवाज आला, येतो. आपल्यात निघणारा कधी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि घरातल्यानं ‘ये’ म्हणायचं. निहारिका मान वर न करता सवयीनं म्हणाली, ये.
दारात कुणी नव्हतं. आणि पडद्यावर, कोऱ्याच्या तळाशी, मिटता कंस. आम्ही तो टाइप केला नव्हता.

७ डिसेंबर
तिनं खोडला. परत आला, वरच्या ओळीत. आवाजही दारातून सैपाकघरापाशी आला. पोरगी ओठ चावते, तरी तोंडातून ‘ये’ निघतंच. दर ‘ये’ला कंस वर सरकतो. कंप्यूटर बंद केला. आवाज बंद नाही.

८ डिसेंबर
सुमीतच्या आईला फोन केला. रडत म्हणाली, कंस वर येतोय असं तो सांगायचा. एका दुपारी खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर कंस पुन्हा उघडा. म्हणजे गिळून झालं तरी तोंड उघडंच. माझी नात नाही मिळायची.

९ डिसेंबर
निहारिकाला माझ्या बहिणीकडे, अक्काकडे, माधव नगरला धाडली. दारात म्हणाली, येते आज्जी. मी म्हटलं, ये. ही जोडी आमची. कंप्यूटर पुन्हा चालू करून तिच्या खुर्चीत आता मी. बघतेच.

१० डिसेंबर
आवाज माझ्या मानेशी आला. म्हणाला, येतो. जन्मात निघणाऱ्याला जे म्हटलं नाही ते म्हटलं — जा. जा मेल्या. कंस ओळभर खाली. पुन्हा जा. आणखी खाली —

दुपार
दारात निहारिकाचा आवाज. आज्जी, आले मी. आत येऊ?
तीच असली तर ‘जा’ कसं — नसली तर ‘ये’ —
अक्काला फोन लावलाय. वाजतोय. तोवर माझं तोंड बंद. ओरड दारात, घसा फोड. पोरगी तिथं आहे का ते अक्कानं सांगायचं. दारातल्यानं मध्ये बोलायचं नाही. उत्तर अक्कानंच द्यायचं, फक्त अक्का —